ज्याच्या नावाने वीज मोजतात

मे महिन्याची दुपार. नालासोपाऱ्यातील एखाद्या इमारतीत वातानुकूलन यंत्र, फ्रिज आणि पाण्याचा पंप एकाच वेळी चालू असतात आणि मुख्य पेटीतील एमसीबी पुनःपुन्हा खाली पडतो. बोलावलेला वायरमन पेटीचे झाकण उघडतो, पिशवीतून चिमट्यासारखा एक मीटर काढतो, त्याचा जबडा उघडून आत जाणाऱ्या एका वायरीभोवती अडकवतो आणि पडद्यावरचा आकडा वाचतो. वायर कापली जात नाही, सोलली जात नाही, वीज बंदही करावी लागत नाही. वसई-विरारमध्ये या मीटरला कोणी 'टाँग टेस्टर' म्हणते, कोणी 'क्लॅम्प मीटर'. आकड्याशेजारी इंग्रजी 'ए' हे एकच अक्षर असते. घरात किती वीज वाहत आहे हे सांगणारे ते अक्षर एका फ्रेंच माणसाचे नाव आहे. त्याच्या घरात वीज कधीच आली नाही आणि सुखही फार काळ टिकले नाही.

आंद्रे मारी ॲम्पिअर हे ते नाव. फ्रेंच उच्चार 'आंपेर' असा असला तरी आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून मीटरच्या पेटीपर्यंत 'ॲम्पिअर' हेच रूप रुळले आहे.

त्याचा जन्म २० जानेवारी १७७५ रोजी फ्रान्समधील लियाँ या शहरात झाला. वसईकरांना हे वर्ष वेगळ्या कारणाने ठाऊक असते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. पोर्तुगीजांकडून १७३९ मध्ये जिंकलेल्या वसईवरून इकडे नवे राजकारण सुरू होत असताना तिकडे लियाँमधील रेशमाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी हा मुलगा जन्मला.

शाळेविना शिक्षण

ॲम्पिअर कधी शाळेत गेला नाही. वडील जाँ-जाक हे रूसो या तत्त्वचिंतकाच्या शिक्षणविचारांनी भारावलेले होते. मुलाला वर्गात कोंडण्यापेक्षा घरच्या ग्रंथालयात मोकळे सोडावे आणि त्याच्या कुतूहलाला वाट करून द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. कुटुंबाचे घर लियाँजवळच्या पोलेमियो या लहानशा गावात होते. तेथे या मुलाने फ्रेंच विश्वकोशाचे खंड वाचून काढले. अंक लिहिता येण्यापूर्वी तो खड्यांनी हिशेब करीत असे. आजारपणात खडे काढून घेतले तेव्हा बिस्किटाच्या तुकड्यांवर त्याने तेच चालू ठेवले, अशी आठवण त्याच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. ऑयलर आणि बर्नुली यांचे गणितावरील ग्रंथ लॅटिनमध्ये आहेत हे कळल्यावर तो लॅटिन शिकला.

हे सुरक्षित बालपण राज्यक्रांतीने संपवले. १७८९ नंतरच्या धामधुमीत वडिलांनी लियाँमध्ये न्यायाधीशाचे पद स्वीकारले. शहरातील जाकोबिन गटाच्या नेत्याविरुद्ध झालेल्या कारवाईत न्यायाधीश म्हणून त्यांचा भाग होता. १७९३ मध्ये लियाँने पॅरिसच्या सत्तेविरुद्ध बंड केले, वेढा पडला आणि शहर पडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जाँ-जाक ॲम्पिअर यांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा होता. मोठी बहीण आदल्याच वर्षी वारली होती. ज्या वडिलांनी त्याची शाळा आपल्या हातांनी उभी केली ते असे गेल्यावर त्याचे मन बधिर झाले. सुमारे वर्षभर त्याने पुस्तकाला हात लावला नाही. त्यातून त्याला बाहेर काढले ते वनस्पतींच्या अभ्यासाने आणि लॅटिन कवितेने.

१७९६ मध्ये त्याची ज्यूली कारोंशी ओळख झाली आणि १७९९ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. आजोबांचे नाव त्याला ठेवण्यात आले. त्या बाळंतपणानंतर ज्यूलीची प्रकृती ढासळली ती सावरलीच नाही. शिकवण्या करून संसार चालवणाऱ्या ॲम्पिअरला १८०२ मध्ये बूर्ग या गावी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकवण्याची नोकरी मिळाली. पगारासाठी आजारी पत्नी आणि तान्हे मूल लियाँला ठेवून त्याला दुसऱ्या गावी राहावे लागले. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला, तेव्हा तो बूर्गच्या खोलीत एकटा होता आणि लियाँला बदली मिळवण्याच्या खटपटीत होता.

बदलीसाठी विद्वत्तेचे प्रमाण हवे होते. त्यासाठी त्याने जुगाराच्या गणितावर प्रबंध लिहिला. अमर्याद पैसा असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी बरोबरीच्या अटींवर कायम खेळत राहणारा जुगारी शेवटी बुडतोच, हे त्याने त्यात गणिताने सिद्ध केले. प्रबंध नावाजला गेला आणि १८०३ मध्ये लियाँची नेमणूकही मिळाली. पण घरी परतल्यावर त्याच्या हाती काही महिनेच आले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये ज्यूलीचे निधन झाले. ॲम्पिअर अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याचा मुलगा तीन वर्षांचाही नव्हता.

लियाँ आता त्याला नकोसे झाले. १८०४ मध्ये तो पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या संस्थेत दाखल झाला. १८०६ मधील दुसरे लग्न दोन वर्षांतच मोडले; त्यातून झालेली मुलगी आल्बिन हिला त्याने स्वतःच वाढवले. व्यवसायात मात्र तो चढत गेला. १८०८ मध्ये विद्यापीठ व्यवस्थेचा महानिरीक्षक, पुढच्या वर्षी प्राध्यापक आणि १८१४ मध्ये विज्ञान अकादमीचा सदस्य झाला. त्याच्या विसराळूपणाच्या कथा पॅरिसभर पसरल्या. वाटेत उचललेला खडा न्याहाळता न्याहाळता उशीर झाल्याचे लक्षात आले, तेव्हा खडा खिशात टाकून घड्याळच सेन नदीत फेकले, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. गणित, रसायन, तत्त्वज्ञान अशी त्याची भटकंती चालू होती. पंचेचाळीस वर्षांचे वय झाले तरी नाव अजरामर करील असे काम त्याच्या हातून झालेले नव्हते.

१८२० चा सप्टेंबर

डेन्मार्कच्या हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड यांनी १८२० च्या जुलैमध्ये एक निरीक्षण जाहीर केले. तारेतून वीज वाहू लागली की जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई वळते, असे ते निरीक्षण होते. वीज आणि चुंबक या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे मानणाऱ्या विद्वानांना तो धक्का होता. सप्टेंबरच्या आरंभी आरागो यांनी ही बातमी पॅरिसच्या अकादमीत सांगितली आणि ११ सप्टेंबरला प्रयोग करून दाखवला. ॲम्पिअर सभेला हजर होता. आठवड्याने, १८ सप्टेंबरला, तो आपले पहिले निष्कर्ष घेऊन उभा राहिला. २५ सप्टेंबरला त्याने त्याहून मोठी गोष्ट मांडली. चुंबकाची गरजच नाही. विजेच्या दोन तारा समोरासमोर ठेवल्या की त्या एकमेकींवर बल लावतात. प्रवाह एकाच दिशेचे असतील तर तारा जवळ येतात, उलट दिशांचे असतील तर दूर सरतात.

यातून पुढे आलेली कल्पना आज साधी वाटते, तेव्हा ती धाडसाची होती. ॲम्पिअरच्या मते चुंबकत्व हा वेगळा पदार्थ नव्हेच, ते फिरत्या विजेचेच रूप आहे. लोखंडात प्रत्येक कणाभोवती सूक्ष्म प्रवाह फिरत असतात, ही त्यातली सुधारणा त्याचा मित्र फ्रेनेल याने सुचवली. बियो यांच्यासारख्या प्रतिष्ठित शास्त्रज्ञांना हे पटले नाही. ॲम्पिअरने वाद घालण्याऐवजी उपकरणे करून घेतली आणि सहा वर्षे प्रयोग व गणित यांची सांगड घालत राहिला. १८२६ मध्ये त्याचा विद्युत्गतिकीवरील मुख्य ग्रंथ तयार झाला. या शास्त्राचे नाव त्यानेच ठेवले. तारेच्या वेटोळ्याला 'सोलेनॉइड' आणि प्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाला 'गॅल्व्हानोमीटर' ही नावेही त्याचीच.

त्याची आणखी एक देणगी रोजच्या व्यवहारात मुरली आहे. विजेचा दाब आणि विजेचा प्रवाह या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याने स्पष्ट केले. गच्चीवरील टाकी किती उंचीवर आहे हे एक आणि नळातून किती धार पडते हे दुसरे. टाकी तेवढ्याच उंचीवर असली तरी एक नळ उघडला तर धार थोडी, दहा उघडले तर पुष्कळ पाणी जाते. घरात येणारा दाब साधारण २३० व्होल्टचा असतो. प्रवाह मात्र कोणती उपकरणे चालू आहेत त्यावर ठरतो. पंख्याला अर्ध्या ॲम्पिअरहूनही कमी पुरते, तर २,००० वॉटचा गीझर जवळपास पावणेनऊ ॲम्पिअर ओढतो. वायर तापते ती या प्रवाहामुळे, आणि तीही सरळ प्रमाणात नव्हे. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. एका खोलीच्या हिशेबाने टाकलेल्या जुन्या वायरिंगवर वातानुकूलन यंत्र चढवले की भिंतीच्या आत काय घडते, ते या हिशेबातच आले. म्हणूनच एमसीबी वारंवार पडतो तेव्हा अधिक क्षमतेचा बसवून मोकळे होणे धोक्याचे असते. आधी प्रवाह मोजावा लागतो. त्या एमसीबीच्या पोटातही एक लहान वेटोळे असते. शॉर्टसर्किट झाले की त्यातला प्रवाह एकाएकी वाढतो, वेटोळ्याचे चुंबक होते आणि खटका ओढला जातो. ॲम्पिअरने नाव दिलेले सोलेनॉइड ते हेच.

शून्याची कसोटी

ॲम्पिअरची प्रयोग करण्याची रीत आगळी होती. त्या काळी सूक्ष्म बले अचूक मोजणारी साधने नव्हती. म्हणून दोन परिणाम परस्परांना पुरते खोडून काढतील आणि टांगलेली तार अजिबात हलणार नाही, अशा रचना त्याने शोधल्या. किती हलली हे मोजण्यापेक्षा हललीच नाही हे पाहणे सोपे आणि निःसंशय असते. अशा समतोलाच्या स्थितींवर त्याने आपले सूत्र उभारले. त्यांतली पहिली स्थिती अशी : तार दुमडून जाणारा आणि परतणारा प्रवाह अगदी शेजारी आणले, तर बाहेर कोणताच परिणाम दिसत नाही.

वायरमनला हा प्रयोग रोजच्या कामातून माहीत असतो. टाँग टेस्टरच्या जबड्यात फक्त फेजची वायर घेतली तर घराचा सारा प्रवाह दिसतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घेतल्या तर पडद्यावर शून्य येते, कारण जेवढी वीज एकीतून आत जाते तेवढीच दुसरीतून परत येते आणि दोघींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात. नवशिक्याला मीटर बिघडल्यासारखा वाटतो. खरे तर तो ॲम्पिअरचाच निकाल दाखवत असतो.

आणि ते शून्य आले नाही तर? तर गेलेल्या विजेतला काही भाग न्यूट्रलमधून परतलेला नाही. तो ओल्या भिंतीतून, गीझरच्या पत्र्यातून किंवा एखाद्या माणसाच्या शरीरातून जमिनीत जात असतो. ईएलसीबी किंवा आरसीसीबी या नावाने ओळखला जाणारा खटका नेमका हाच फरक सतत पाहत असतो. घरांसाठी सहसा वापरला जाणारा खटका ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीला वीज तोडतो. पंख्याला लागणाऱ्या प्रवाहाच्याही तो दहावा हिस्सा आहे, पण माणसाच्या जीवाला तेवढा पुरेसा धोकादायक ठरू शकतो. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या, खाऱ्या हवेच्या आणि पावसाळ्यात भिंती महिनोन्‌महिने ओल धरणाऱ्या वसई-विरारमध्ये या शून्याला म्हणूनच मोल आहे. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले आणि तळमजल्यांत पाणी शिरले, ते दिवस येथील रहिवासी विसरलेले नाहीत. पाणी ओसरल्यावर वीज चालू करण्याआधी अशा घराची गळती तपासून घेणे आवश्यक असते. हे काम घरच्याने झाकण उघडून करण्याचे नाही, परवानाधारक वायरमनचेच आहे.

हातून निसटलेला शोध

टाँग टेस्टर केवळ ॲम्पिअरच्या शोधावर चालतो असे मात्र नाही. वायरीभोवती चुंबकीय क्षेत्र असते हे त्याचे निम्मे तत्त्व. उरलेले निम्मे असे की, बदलते चुंबकीय क्षेत्र शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण करते. जबड्यातल्या लोखंडावर गुंडाळलेल्या वेटोळ्यात अशी जी वीज येते, तिच्यावरून मीटर आकडा काढतो. या दुसऱ्या तत्त्वाचा शोध १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी लावला.

तो शोध त्याआधी नऊ वर्षे ॲम्पिअरच्या समोर आला होता. १८२२ मध्ये जिनिव्हाला त्याने तरुण सहकारी ओग्यूस्त द ला रीव याच्यासह एक प्रयोग केला. प्रवाह वाहणाऱ्या वेटोळ्याच्या आत तांब्याचे कडे टांगले आणि जवळ चुंबक आणले. कडे हलले. कड्याला बॅटरी जोडलेली नव्हती, तरी त्यात वीज उत्पन्न झाली होती. ॲम्पिअरने हे पाहिले, पण त्याच्या मनात तेव्हा दुसराच प्रश्न होता, म्हणून त्याने तो धागा पुढे ओढला नाही. फॅरेडे यांची घोषणा झाल्यावर आपल्या हातून काय सुटले हे त्याला कळले. पुढे १८३२ मध्ये पॅरिसचे उपकरणकार पिक्सी यांनी फॅरेडेंच्या तत्त्वावर वीज निर्माण करणारे यंत्र बनवले, तेव्हा एकाच दिशेचा प्रवाह मिळवण्याची युक्ती त्यांना ॲम्पिअरनेच सुचवली.

फॅरेडे यांच्याकडे गणित जवळजवळ नव्हते आणि ॲम्पिअरचे सारे बळ गणितात होते. दोघांचे मतभेद होते, तरी पत्रव्यवहार स्नेहाचा राहिला. पुढे मॅक्सवेल यांनी दोघांचे काम एकत्र आणले. आज पाठ्यपुस्तकांत 'ॲम्पिअरचा नियम' म्हणून जे समीकरण शिकवले जाते, ते त्या रूपात मॅक्सवेल यांनी मांडले, आणि ॲम्पिअरला विजेच्या क्षेत्रातील न्यूटनचा मानही त्यांनीच दिला.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. आल्बिनचे लग्न एका मद्यपी सैनिकी अधिकाऱ्याशी झाले आणि तिची दुःखे पुन्हा वडिलांच्या दाराशी आली. प्रकृती खालावली होती, पण पगार हवा होता. त्यामुळे निरीक्षक म्हणून गावोगावची विद्यालये तपासण्याचे दौरे थांबवता आले नाहीत. त्यातही त्याने सर्व विज्ञानांचे वर्गीकरण करणारा ग्रंथ हाती घेतला. त्याचा पहिला भाग १८३४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशाच एका दौऱ्यावर असताना १० जून १८३६ रोजी मार्सेय येथे, घरापासून दूर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्याचे निधन झाले. मुलगा जाँ-जाक साहित्याचा इतिहासकार म्हणून नावारूपाला आला. १८६९ मध्ये वडिलांचे अवशेष पॅरिसच्या माँमार्त्र दफनभूमीत आणून मुलाच्या शेजारी ठेवण्यात आले.

नावाचे एकक

मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी, १८८१ मध्ये, पॅरिसमध्ये विद्युत्तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तार यंत्रे आणि विजेचे दिवे यांचा प्रसार होत होता आणि प्रत्येक देशाचे माप निराळे होते. परिषदेने विजेच्या प्रवाहाच्या एककाला 'ॲम्पिअर' हे नाव दिले. १९४८ मध्ये त्या एककाची नवी व्याख्या आली ती थेट १८२० च्या प्रयोगावरून. निर्वातात एक मीटर अंतरावर असलेल्या दोन समांतर तारांमधील बलावर ती आधारलेली होती. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या विद्युत्भारावरून ॲम्पिअर ठरवला जातो. एका इलेक्ट्रॉनचा भार इतका सूक्ष्म आहे की, एक ॲम्पिअर म्हणजे दर सेकंदाला वायरीतून जाणारे सुमारे ६२४ कोटी अब्ज इलेक्ट्रॉन. व्याख्या बदलली, नाव तेच राहिले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत ते आहे. पोलेमियोच्या ज्या घरात तो शाळेविना शिकला, तेथे आता विजेचे संग्रहालय आहे.

वीज कोणाला दिसत नाही. ती शेजारच्या सुईवर, शेजारच्या तारेवर, शेजारच्या वेटोळ्यावर जो परिणाम करते त्यावरूनच तिचे माप घेता येते, हे ॲम्पिअरने दाखवून दिले. ज्याच्या आयुष्यातील जवळची माणसे एकामागून एक तुटत गेली, त्याच्या शोधामुळे आज एकही तार न तोडता घराघरातील प्रवाह मोजता येतो. वसईतील वायरमन मीटरचा जबडा मिटतो, आकडा वाचतो, गीझर आणि वातानुकूलन यंत्र वेगवेगळ्या एमसीबीवर घ्यायला सांगतो आणि पेटीचे झाकण लावून पुढच्या घराकडे निघतो.